पाणी दिसेल अशी जागा

घरात सगळेच तिला ताई म्हणत. भाऊ म्हणायचा, कारण तो धाकटा. भावजय म्हणायची, कारण नवरा म्हणायचा. आणि वडीलही म्हणायचे, ते का, हे कुणी कधी विचारलं नाही. जी बाई स्वतःच्या बापाचीही ताई झाली, तिला घराबाहेर पडणं किती सोपं असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

ताई कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांचं माप पाठवलं की त्यावर मेण लावायचं, मेणात एकेक दात रचायचा, मग पक्की कवळी ओतून ती जिभेला टोचणार नाही अशी घासायची. दोन खोल्यांचा कारखाना, मालक बाहेरच्या खोलीत बसून हिशोब करणार आणि आतल्या खोलीत ताई गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना हसू पुरवणार. रस्त्यात कुणी तिला ओळख दाखवली तर ती आधी तोंडाकडे बघायची आणि मनात म्हणायची, हां, हे आपलेच.

तिच्या जुन्या शिक्षिकेचा फोन आला तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती; हात ओले म्हणून तिने फोन कठड्यावर ठेवून स्पीकर लावला. बाईंनी दूरच्या शहरात मोठी प्रयोगशाळा काढली होती. कवळ्यांचा सगळा विभाग ताईने सांभाळायचा, नव्या मुलींना शिकवायचं, राहायला खोली.

"मागे एकदा तू हो म्हणालीस आणि आईच्या आजारपणात फिरलीस," बाई म्हणाल्या. "तेव्हा मी समजून घेतलं. आता नाही घेणार. रविवार रात्रीपर्यंत हो की नाही ते सांग. नाहीतर दुसरी कुणी बघते."

ताईला ओल्या चादरीत तोंड लपवून हसावंसं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला असं हसू फुटलं म्हणजे तिला ते किती हवं होतं बघा. पण खाली घरात उतरली आणि वडिलांना बघून तिचं हसू विरलं. आई गेल्यापासून घरात दोनच माणसं. वडिलांची औषधं, वडिलांचे मोजे, वडिलांचं गरम पाणी. आणि वडिलांची कवळी, जी दर चार दिवसांनी सैल तरी व्हायची नाहीतर रुतायची तरी. तिने तोंड उघडलं, आणि त्यांनीही उघडलं. "ताई, बघ ग जरा. डावीकडे टोचतंय."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा ताईने नादच सोडला. घरात सांगितलं तर वडील काही बोलणार नाहीत, नुसतं ताट बाजूला सारतील. भाऊ धावत येऊन आवाज चढवेल. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सांगायचं तर घराबाहेर, चारचौघांत, जिथे कुणाला रडता येणार नाही आणि ओरडता येणार नाही. रविवारी वडिलांचा वाढदिवस होता. दर वाढदिवसाला सगळ्यांनी पाण्याकाठी जाऊन मासे खायचे, अशी घरातली पद्धत. आणि हॉटेल ताईने निवडायचं, अशीही पद्धतच. कारण निवडणाऱ्याने शिव्या खायच्या असतात.

"गाडी लावायला जागा बघ म्हणजे झालं," भाऊ फोनवर म्हणाला. तो नदीपलीकडे राहायचा, महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा यायचा, आणि उरलेला महिना उंटावरून शेळ्या हाकायचा.

"माझं काही नाही हो ताई," मागून भावजय म्हणाली. "बाथरूम स्वच्छ असलं की पुरे. आणि बिनमाशाचं काहीतरी. आणि माशाचा वास नको."

"माशांच्या हॉटेलात?"

"तेच म्हणते, माझं काही नाही."

वडिलांची अट जुनीच होती. पाणी दिसलं पाहिजे आणि काटा दिसता कामा नये.

ताईच्या अटी तिने कुणाला सांगितल्या नाहीत. संध्याकाळी काम सुटलं की ती एकेक हॉटेल बघत हिंडली. पहिलं पाण्यावर तरंगणारं होतं, धक्क्याला दोरांनी बांधलेलं. चारी बाजूंनी पाणी, असा देखावा की पैसे घेऊन दाखवायला हवा. पण बोट गेली की टेबल हलायचं, टेबलावरची बशी सरकायची, आणि ताईच्या डोळ्यांसमोर वडिलांचे दात पेल्यात हेलकावे खाऊ लागले. दुसरं माडीवर होतं, भिंतीच्या जागी नुसती काच. तिथे गाणी इतकी मोठ्याने लागली होती की ऑर्डर घेणारा माणूस ओठ वाचत होता. तिथे बोलायचं तर ओरडून. आणि 'मी जातेय' हे काही ओरडून सांगण्यासारखं वाक्य नव्हतं.

तिसरं बोटी दुरुस्त करायच्या आवाराशेजारी, बैठं, जुनं. खिडक्यांना लागून लाकडी बाकं, बाकांमध्ये टेबलं. खिडकीखाली थेट पाणी. उतरतं ऊन पडलं की छतावर पाण्याची झिलई हलायची. टेबलं इतकी जवळजवळ की शेजारचा काय चावतोय तेही ऐकू यावं. भांडायला अगदी गैरसोयीचं. ताई खूश झाली.

"किती माणसं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"चार. वडिलांचा वाढदिवस आहे."

"मग कोपऱ्यातली खिडकी देते. आमच्याकडची मानाची जागा."

ताईने ती खिडकी बघितली, पाणी बघितलं, शेजारची टेबलं मोजली. टेबल जमिनीला स्क्रूने पक्कं केलंय आणि बाकाच्या आतल्या टोकाला बसलेल्या माणसाला बाहेरच्याने उठल्याशिवाय सुटका नाही, एवढं मात्र तिने बघितलं नाही. देखावा बघायला गेलेलं माणूस दार कुठे आहे ते बघत नाही.

जायचं तर वडिलांची सोय लावून जायचं, हेही तिने मनाशी ठरवलं होतं. जुनी कवळी फार झिजली होती, वयाबरोबर हिरड्या आटतात. तिने कामानंतर थांबून नवी जोडी केली. ताज्या मापावर, एकेक दात चारदा बदलून. इतकी नेटकी कवळी तिने कुणासाठी केली नव्हती. काठ असे गुळगुळीत की बोट फिरवलं तर कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं कळू नये. निदान पाच वर्षं बघायला नको. म्हणजे कवळी कसली, आपली रजा मंजूर करून घ्यायचा अर्जच होता तो.

रविवारी सकाळी तिने वडिलांना खिडकीपाशी बसवलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि नवी कवळी बसवली. "चावा. आता डावीकडे. जीभ फिरवा. टोचतंय कुठे?"

वडिलांनी सगळं केलं. मग अख्खं सफरचंद खाल्लं, सालासकट.

"कशी आहे?"

"चांगली आहे," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र कुणीतरी गेल्यासारखा झाला होता. ताईला वाटलं, आईची आठवण आली असेल. वाढदिवस आईच करायची.

संध्याकाळी भावाला गाडी लावायला जागा मिळाली, भावजयीला बाथरूम पसंत पडलं, म्हणजे अर्धी लढाई जिंकली. मालकीणबाईंनी कोपऱ्यातली खिडकी दाखवली. ताईने वडिलांना आत सरकायला सांगितलं.

"तू बस आत," वडील म्हणाले.

"अहो बाबा, वाढदिवस तुमचा. पाणी तुम्हाला हवं."

"मला इथूनही दिसतं. बस."

ती आत सरकली. वडील तिच्या शेजारी बाहेरच्या टोकाला बसले. भाऊ आणि भावजय समोर. टेबलाची कड ताईच्या पोटाला लागत होती, डावा खांदा काचेला, उजवा वडिलांना. बाहेर सूर्य पाण्यावर टेकला होता आणि खरोखर गावातला सगळ्यात चांगला देखावा तिच्या वाट्याला आला होता. तिला तो बघवेना. फोन पर्समध्ये, पर्स पायाशी, आणि वाकायलाही जागा नाही.

सूप आलं. ताईने मनात वाक्य जुळवलं. मला एक सांगायचंय. नाही, असं म्हटलं की माणसं घाबरतात. एक आनंदाची बातमी आहे. हेही नको, भावाला वाटेल लग्नच ठरलं.

"काय जागा काढलीस ग ताई!" भाऊ म्हणाला. "पुढच्या वर्षीही इथेच. आत्ताच सांगून ठेव त्या बाईंना."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," ताई म्हणाली.

"त्यात काय, तूच तर करणार सगळं."

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? भाजलेला मासा आला, काटे काढून, वाफाळता. ताईने पाण्याचा घोट घेतला. "ऐका ना," ती म्हणाली.

वडिलांनी तोंडावर हात नेला. कट्ट असा आवाज झाला. मग रुमाल तोंडाशी, रुमाल टेबलाखाली, आणि रुमाल ताईच्या मांडीवर. वरची नि खालची, दोन्ही. गालांचा आधार गेला तसा त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. त्यांनी आपलं खास बोळकं बोलणं सुरू केलं, जे जगात एकट्या ताईला कळायचं. सैल झालीय, म्हणत होते. रुततेय. खाता येत नाही.

"काय म्हणाले?" भावाने विचारलं.

"रुततेय म्हणाले."

"नवी ना ही? सकाळी तर सफरचंद खाल्लं म्हणालीस."

ताईने रुमाल उघडला आणि खालची कवळी खिडकीच्या उजेडात धरली.

आतला काठ घासलेला होता. सकाळी आरशासारखा होता तो काठ आता पांढुरका, खरखरीत. एका दिशेने ओढलेले कानशीचे बारीक, सारखे हात, आणि शेवटी कड मोडायला एक तिरपा. कवळ्या घासणाऱ्यांपैकी कुणी असा तिरपा हात मारत नाही. चाव्या घासणारे मारतात. वडिलांचं सगळं आयुष्य कुलपं दुरुस्त करण्यात गेलं होतं, आणि कानस धरायला ताईला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे नेताना दाब, मागे आणताना उचल. कुलूप नीट लागू नये असं वाटलं तर आत जिथे घासावं, नेमकं तिथेच त्यांनी घासलं होतं. दुपारी खोलीचं दार लावून बसले होते, ताईला वाटलं झोपलेत.

मग तिला गच्ची आठवली, आणि गच्चीखालची वडिलांची उघडी खिडकी. भिंतींना कान असतात, आणि वडिलांचे दात गेले तरी कान अजून तरणे होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जुनी कवळीही उगीच रुतत नव्हती तर! दर चार दिवसांनी ती संध्याकाळी दमून यायची आणि बापाने हाताने केलेलं दुखणं मुकाट्याने दुरुस्त करायची. ताईच्या कानशिलांतून आग निघाली. तिने वडिलांकडे बघितलं. ते टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडे बघत होते, चोरी सापडलेल्या पोरासारखे.

कवळी मुठीत धरूनच ती म्हणाली, "मी नोकरी बदलतेय. दुसऱ्या शहरात. बाईंच्या प्रयोगशाळेत. पुढच्या महिन्यात जायचंय. आज रात्री त्यांना कळवायचंय."

शेजारच्या टेबलावरचं चावणं थांबलं. भावाने ओरडायला श्वास घेतला आणि आजूबाजूला बघून तो तसाच गिळला. एवढं तरी ताईचं गणित बरोबर आलं.

"आणि बाबा?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बाबांसाठी कामाला बाई येईल दिवसा. मी बोललेय एकीशी. आणि तू आहेस."

"मी? आमचा चौथा मजला, लिफ्ट नाही."

"ताई, निदान आधी सांगायचं तरी," भावजय म्हणाली. "एकदम वाढदिवसालाच?"

"आधी कधी सांगणार? कुणी विचारलं कधी, ताई, तुझं काय चाललंय म्हणून?"

"तुला कुणी धरून ठेवलंय का?" भाऊ म्हणाला. "पण काही माणुसकी? आई असती तर?"

आई असती तर. हे वाक्य म्हणजे या घरातलं सगळ्यात जड कुलूप. ताईला वाटलं, उठावं आणि जावं. तिने पाय हलवले, गुडघा टेबलाला लागला. समोर भाऊ-भावजय, शेजारी वडील, मागे भिंत, आणि काचेपलीकडे हवं तेवढं मोकळं पाणी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

"थांब, बाबांनाच विचारू," भाऊ म्हणाला. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं. ताईने जावं की नाही?"

सगळे वडिलांकडे वळले. शेजारचं टेबलही वळलं. वडिलांच्या तोंडात एकही दात नव्हता. ते ताईकडे बघत बोलू लागले, हळूहळू, ओठ आत जात होते, हवा निसटत होती. बराच वेळ बोलले. इतकं ते एरवी महिन्यातही बोलत नसत.

ते म्हणाले, "जाऊ नकोस. मला खायचं काही पडलं नाही ग, पेज पिऊन राहीन. पण तुझी आई गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला हात लावणारं कुणी नाही. तू कवळी बघतेस तेवढाच लागतो. म्हणून घासली मी."

भाऊ पुढे झुकला. "काय म्हणाले?"

राग होता तो कुठे गेला ते ताईला कळेना, आणि राग गेल्यावर हातात धरायला काही उरलं नव्हतं. बापाने एवढं मागितलं होतं, आणि ते मागताना त्याला लाज वाटली होती. खरं सांगितलं तर भाऊ म्हणणार, बघ. भावजय डोळे पुसणार. आणि ती घरी जाऊन काठ घासणार, उद्या, परवा, बाबा असेपर्यंत. नाही सांगितलं तर हे वाक्य जगात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसणार.

"ताई, काय म्हणाले?"

"जा म्हणाले," ताई म्हणाली.

"एवढं सगळं बोलले आणि नुसतं जा?"

"दात नसले की लांबतं बोलणं."

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, तक्रारीनेही नाही. एखादं कुलूप आपल्याला उघडलं नाही, पण दुसऱ्या कुणाला उघडलं, की कारागीर बघतो तसे. मग त्यांनी टेबलाखाली हात पुढे केला, तळवा वर करून.

ताईच्या मुठीत त्यांचे दात होते. 'घरी गेल्यावर नीट करून देते' एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. आज रात्र तरी त्यांना खोडून काढता आलं नसतं, आणि उद्या काय व्हायचं ते होवो. आयुष्यात पहिल्यांदा तिला असा विचार आला, आणि तो आपल्याला आला याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने दोन्ही कवळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

वडिलांनी त्या पेल्यातल्या पाण्यात बुडवल्या, तोंडात बसवल्या. खालची रुतली असणार, त्यांचा डोळा बारीक झाला. गाल पुन्हा भरले, चेहरा पुन्हा त्यांचा झाला. आता ते बोलले असते तर सगळ्या हॉटेलला कळलं असतं.

"बाबा, खरंच?" भाऊ म्हणाला. "खरंच जा म्हणालात?"

वडिलांनी ताईच्या पलीकडे, खिडकीबाहेर बघितलं. सूर्य बुडाला होता, पाणी करडं झालं होतं. त्यांनी ते पुरेसं बघून घेतलं.

"ताईने सांगितलं ना?" ते म्हणाले. "तेच म्हणालो."

"पण..."

"एकदा म्हणालो. मासा गार होतोय, खा."

भावजयीने आपल्या बिनमाशाच्या ताटातला बटाटा उचलून उगाचच वडिलांच्या ताटात वाढला. ताईला वाटलं होतं, सुटल्यावर हलकं वाटतं. तिला छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं. पण तिने पायाने पर्स ओढली, वाकता येईना म्हणून चपलेत अडकवून वर घेतली, आणि फोन काढला.

"मला बाहेर जायचंय," ती म्हणाली. "बाईंना फोन करून येते."

बाहेर जायचं तर वडिलांनी उठायला हवं होतं. त्यांनी टेबलाची कड धरली. सवयीने दुसरा हात ताईकडे गेला, तिच्या मनगटापर्यंत आला, आणि तिथे थांबला. मग त्यांनी तो हात मागे घेतला, टेबलावरून पलीकडे नेला आणि मुलापुढे धरला.

"तू ये रे," ते म्हणाले. "उठव मला."

भाऊ गडबडीने उठून टेबलाला वळसा घालून आला आणि वडिलांसमोर दोन्ही हात पसरून नुसताच उभा राहिला. कधी उठवलंच नव्हतं त्याने.

"कुठे धरू?" त्याने ताईला विचारलं.

"दंडाला," ताई म्हणाली. "काखेत हात घालू नकोस. त्यांना गुदगुल्या होतात."